नाबोर केसादा जिवंत आहे

खून करणं सोपं असतं, खुन्याला नाव देणं कठीण. हे मी अनुभवाने सांगतो, कारण सात पुस्तकांत मिळून मी एकोणीस माणसं मारली आहेत आणि त्यातल्या एकाही प्रेताने मला कधी त्रास दिला नाही. त्रास दिला तो नावांनी.

आमचं तेकोमापान लहान गाव. इथे कुठलंही नाव घ्या, ते कोणाच्या तरी मावशीचं निघतं. तिसऱ्या पुस्तकातल्या विष घालणाऱ्या बाईला मी आउसेन्सिया म्हटलं, केवळ कानाला गोड लागलं म्हणून. तर माझ्या बायकोच्या चुलतबहिणीने नातवाच्या बाप्तिस्म्याला आम्हाला बोलावलं नाही. वर "मी तर लोकांना साधी कॉफीसुद्धा विचारत नाही, विष कशात घालीन?" असं गावभर सांगत फिरली. वास्तविक ही पुस्तकं मी लिहितो हे गुपित आहे. मुखपृष्ठावर नाव असतं लेओनोर कास्तेलब्लांको. डिटेक्टिव्ह बाई आहे तर लेखकही बाईच दिसली पाहिजे, असं प्रकाशकांचं म्हणणं पडलं. हे गुपित मी फक्त माझ्या बायकोला, कुकाला, सांगितलं होतं. कुकाने फक्त तिच्या बहिणीला सांगितलं. बहिणीचं केस कापायचं दुकान आहे.

माझी डिटेक्टिव्ह म्हणजे इन्स्पेक्टर हर्मिनिया क्वेयार. वय चोपन्न, डावा गुडघा दुखरा, पर्समध्ये पिस्तुलाऐवजी खारे शेंगदाणे. ती कोणाला भीत नाही. गव्हर्नरच्या मेव्हण्याला तिने त्याच्याच लग्नात हातकड्या घातल्या आहेत. माझ्या अंगात जेवढं धैर्य नाही तेवढं सगळं मी तिच्या अंगात भरलं आहे, त्यामुळे ती फारच धीट झाली. मी स्वतः आमच्या शेजारच्या बोक्यालाही वाट देतो.

तर सातव्या पुस्तकाच्या वेळी मी ठरवलं की आता नावांची भानगड कायमची मिटवायची. मी जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात कारकून आहे. खिडकी क्रमांक चार, बावीस वर्षं. माझ्यामागे भिंतभर मृत्यूची रजिस्टरं आहेत. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत डोळे मिटून एक रजिस्टर ओढलं, मधेच उघडलं आणि बोट ठेवलं. नाबोर केसादा रुएलास. वय एकसष्ट, हृदयविकार, सहा वर्षांपूर्वी निधन. नाव भारदस्त होतं, आणि मेलेला माणूस तक्रार करायला येत नाही ही आमच्या कार्यालयाची जुनी श्रद्धा आहे.

त्या नाबोरला मी मेणबत्त्या करणारा केला आणि त्याच्या हातून तीन भागीदार मारले. मेण कापायच्या तारेने. पुस्तक बरं उतरलं होतं.

ते बाहेर पडून तीन आठवडे झाले असतील, मेक्सिको शहरातून प्रकाशकांच्या मारिक्रूसबाईंचा फोन आला. या बाई नेहमी चांगली बातमी आधी सांगतात, म्हणजे वाईट बातमीला जास्त वेळ मिळतो.

"विक्री छान आहे," त्या म्हणाल्या. "आणि हालापाच्या पुस्तक जत्रेत एक गृहस्थ आले होते. आपल्या दुकानासमोर खुर्ची घेऊन बसले. दोन तासांत अख्खं पुस्तक वाचलं."

"विकत घेतलं?"

"घेतलं की. मग उठले, टोपी काढली आणि म्हणाले, बाईंना सांगा, मी नाबोर केसादा. मी जिवंत आहे. मला त्यांना भेटायचंय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "तुम्ही पत्ता दिला नाहीत ना?"

"छे हो. लेखकांचे पत्ते आम्ही देतो का?"

मी श्वास सोडला.

"फक्त गावाचं नाव सांगितलं."

दुसऱ्या दिवशी साडेआठला, खिडक्या उघडायच्या आधी, मी रजिस्टर काढलं. पान होतं. नाव होतं, शिक्का होता, सही होती. खबर देणारा भाऊ, एलिसेओ केसादा. सगळं रीतसर. म्हणजे माणूस मेला होता, आणि तरीही हालापात खुर्चीवर बसून पुस्तक वाचत होता. याचे दोनच अर्थ निघत होते. एक तर ते भूत होतं. नाहीतर ज्यांना पोलिसांपासून सुटण्यासाठी कागदावर मरावं लागतं, त्या लोकांपैकी तो एक होता. त्या लोकांना आमच्याकडे नाव नाही. आम्ही त्यांना 'ते' म्हणतो आणि म्हणताना खिडकी लावून घेतो.

कुकाने भुताच्या बाजूने कौल दिला.

"भूत असेल तर बरं," ती बीन्स निवडता निवडता म्हणाली. "भुतावर इलाज असतो. 'त्यांच्या'वर काय इलाज आहे? आणि गिल, तुला दुसरं नाव मिळालं नाही? माझ्या भावाचं द्यायचंस."

"तुझा भाऊ जिवंत आहे."

"तेच म्हणतेय. तो काही करणार नव्हता. त्याच्याने साधा बल्ब बदलवत नाही."

मी तिला बजावलं की यातलं एक अक्षर कोणाला सांगायचं नाही. तिने मान हलवली आणि बहिणीकडे केस धुवायला गेली. संध्याकाळच्या आत गल्लीतली सगळी माणसं माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागली, जशा नजरेने डॉक्टरांनी आशा सोडलेल्या माणसाकडे पाहतात. समोरच्या बेकरीवाल्याने मला एक गोड पाव जास्त घातला. मी विचारलं, हा कशाबद्दल? तो म्हणाला, "खाऊन घ्या, डॉन गिल्दार्दो." 'डॉन' म्हणजे आमच्याकडे नुसतं आदराचं 'राव', बाईला 'डोन्या'; तरी तो पाव मी कुकाला दिला.

पहिल्या सल्लागार आल्या त्या शेजारच्या डोन्या तेन्चा. या विधवा बाई आजूबाजूच्या तीन गल्ल्यांची दृष्ट काढतात, आणि भीती हा त्यांचा खास विषय. त्यांनी माझ्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, जीभ काढायला लावली आणि निदान केलं की मला भीती धरली आहे, आणि ती पोटात उतरायच्या आत काढली पाहिजे. मग मला स्टुलावर बसवून त्यांनी डोक्यापासून टाचेपर्यंत एक कच्चं अंडं फिरवलं, वर पाल्याच्या जुडीने झोडपलं. ते अंडं पाण्याच्या पेल्यात फोडून त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

"माणूस आहे," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"या पांढऱ्यात. वयस्कर. टोपी आहे. हातात पिशवी आहे."

"पिशवीत काय आहे?"

"ते अंड्यात कसं दिसेल? एका अंड्यात किती दिसणार?" त्यांनी पेला कुकाच्या हातात दिला. "उद्या आणखी दोन आणून ठेवा, गावठी."

दुसरे सल्लागार डॉन फेर्मिन. हे बस कंपनीत तिकीट तपासनीस होते. निवृत्त झाल्यापासून तपासायला काही नाही म्हणून त्यांनी गल्लीचं रक्षक मंडळ काढलं आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांनी लावलेला मोठा फलक आहे: 'चोरा, सापडलास तर पोलिसांना देणार नाही, आम्हीच बघून घेऊ. आपले नम्र, शेजारी.' त्यांनी माझी पूर्ण हकीकत उभ्याने ऐकली आणि प्रत्येक घरात एकेक शिट्टी वाटली. एक लांब शिट्टी म्हणजे चोर. दोन म्हणजे गॅसची गळती. तीन म्हणजे नाबोर केसादा.

"तीन ऐकू आल्या की प्रत्येकाने हाताला लागेल ते घेऊन बाहेर पडायचं," डॉन फेर्मिननी आज्ञा केली. "आणि गिल्दार्दो, तू गच्चीवर जायचंस. टाकीच्या मागे. तू बाहेर पडू नकोस, तुझा उपयोग नाही."

अपमान होता, पण हिताचा होता, म्हणून मी गिळला. मात्र आमच्या गल्लीत शिट्टीवर भरवसा ठेवणं हा शुद्ध वेडेपणा होता, आणि हे आम्हा बावीस घरांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. आमच्याकडे पोस्टमन शिट्टी वाजवतो. भाजलेल्या रताळ्यांची गाडी शिट्टी वाजवते. आणि सुऱ्यांना धार लावणारा पावा वाजवत येतो, खालून वर, वरून खाली. लहानपणापासून हे आवाज आम्ही इतके ऐकलेत की ते आम्हाला ऐकूच येत नाहीत. पण एकदा माणूस शिट्टीची वाट पाहत बसला की मग त्याला प्रत्येक शिट्टी ऐकू येते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो असा.

शनिवारी सकाळी अकराला पावा वाजला. तीनदा.

मी अंघोळीहून नुकताच आलो होतो. टॉवेल आणि बनियन यांवर गच्चीत पोचलो. कसा पोचलो ते मला आठवत नाही. पाण्याच्या काळ्या टाकीमागे बसून मी गुडघ्यांत डोकं घातलं आणि ऐकू लागलो. खाली दारं उघडली. झाडू, लाटणी, एक इस्त्री, बेकरीतलं लांब फावडं, असं सगळं धावत गेलं. मग डॉन फेर्मिनचा आवाज आला, "टोपी आहे. टोपीवाला आहे. धरा." आणि त्यामागून कुकाचा, "अगं बाई, याच्याकडे तर चौदा सुऱ्या आहेत."

चौदा. माझ्या पुस्तकातल्या नाबोरकडे नुसती तार होती.

तो धारवाला नवा होता, हे आम्हाला मागाहून कळलं. नेहमीच्या म्हाताऱ्याला संधिवात झाला म्हणून त्याने सायकल आणि धंदा भाच्याला दिला होता. त्या बिचाऱ्याचा आमच्या गल्लीतला पहिला दिवस. त्याला कपडे वाळत घालायच्या दोरीने विजेच्या खांबाला बांधलं गेलं.

"नाव काय?" डॉन फेर्मिननी विचारलं.

"रोसेन्दो, साहेब."

"खुनी कधी खरं नाव सांगतो का?"

"मग मी काय सांगू, साहेब?"

रक्षक मंडळाने आपसात सल्लामसलत केली. शेवटी ओळख पटवण्यासाठी मला खाली बोलावलं गेलं. वास्तविक मीही नाबोर केसादाला कधी पाहिलं नव्हतं, पण त्याला मी जन्म दिला होता असा गल्लीचा समज. मी घाईने उठलो, टॉवेल टाकीच्या नळात अडकला आणि तिथेच राहिला. डोन्या तेन्चांची एक चादर दोरीवर होती, ती गुंडाळून मी बावीस घरांसमोर हजर झालो आणि त्या विशीतल्या पोराकडे पाहून म्हणालो की हा नव्हे, तो आज सदुसष्टचा असायला हवा. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती. माणसं लाजली की काय करतात? भरपाई करतात. प्रत्येक घराने आपल्या झाडून सगळ्या सुऱ्या, कात्र्या त्या रोसेन्दोकडून धार लावून घेतल्या. म्हणजे आता माझ्यासाठी खुनी येणार होता, आणि त्याच्या सोयीसाठी गल्लीतली एकही सुरी बोथट राहिली नव्हती.

सोमवारी मी रजा टाकून फिर्याद द्यायला गेलो. हर्मिनिया असल्या कचेऱ्यांत शिरते तेव्हा माणसं उठून उभी राहतात. मी शिरलो तेव्हा टेबलामागच्या बाईंनी डोकंही वर केलं नाही. त्या मक्याच्या कणसावर लिंबू पिळत होत्या.

"फिर्यादी कोण?"

"मी. म्हणजे, धमकी लेओनोर कास्तेलब्लांको यांना आहे."

"मग त्यांना पाठवा. ओळखपत्र घेऊन."

"त्या मीच आहे."

आता त्यांनी डोकं वर केलं. माझ्या मिशांकडे पाहिलं. "तसं ओळखपत्र आहे का?"

"नाही. ते टोपणनाव आहे."

"टोपणनावाला धमकी आली असेल तर टोपणनावाने यावं," त्या शांतपणे म्हणाल्या. "बरं, आरोपी कोण?"

मी नाव सांगितलं आणि पुरावा म्हणून मृत्यूच्या दाखल्याची प्रत पुढे ठेवली. ही माझी घोडचूक झाली. बावीस वर्षं कागद हाताळून कागद कधी दाखवू नये हे मला कळलं नव्हतं.

"हा मेलाय," बाई म्हणाल्या.

"हो. पण तो जिवंत आहे."

"मेलेल्याविरुद्ध फिर्याद घेता येत नाही. तुम्ही असं करा, आधी त्याचा हयातीचा दाखला आणा."

"तो मी कुठून आणू?"

"नोंदणी कार्यालयातून. खिडकी क्रमांक चार. पण सांगून ठेवते, तिथला कारकून फार त्रास देतो."

मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. भीती होतीच, आता तिच्यात आणखी काहीतरी मिसळलं होतं, पण ते काय हे तेव्हा मला उमगलं नाही.

गुरुवारी तो आला.

मी गळ्यात शिट्टी घालून खिडकीत बसलो होतो. रांगेत नऊ माणसं. सहावा माणूस वयस्कर होता. हातात टोपी, काखेत प्लास्टिकची पिशवी. अंड्यात दिसला होता तसाच, आणि डोन्या तेन्चांवर आपण उगाच हसलो असं मला वाटलं. पिशवीत काहीतरी आयताकृती होतं. मी पाचव्या माणसाला इतका वेळ लावला की त्याने विचारलं, तुम्हाला बरं वाटत नाही का? मग तो गेला, आणि ती टोपी खिडकीच्या कठड्यावर आली.

"नमस्कार, साहेब. मी नाबोर केसादा रुएलास."

मी शिट्टी तोंडात धरली. फुंकर मारली. तोंड इतकं कोरडं पडलं होतं की नुसती हवा आली.

"तुम्हाला मी आठवणार नाही," ते म्हणाले. आवाज मऊ होता, खेडवळ. "तुमच्याकडे इतकी माणसं येतात. मी आठव्यांदा आलोय."

"आठव्यांदा?"

"सहा वर्षांत आठवी खेप. दर वेळी तुम्ही तिथे बघता," त्यांनी माझ्या संगणकाकडे बोट केलं, "आणि सांगता की तुम्ही मृत आहात, कोर्टात जा, पुढचा. कोर्टवाले म्हणतात, मेलेल्याचा अर्ज घेत नाही. पण आज मी दाखल्यासाठी आलेलो नाही. आज मला एका बाईंचा पत्ता हवाय."

त्यांनी पिशवीत हात घातला. मी डोळे मिटले. मला माझी आई आठवली, कुका आठवली, आणि का कोण जाणे, खारे शेंगदाणे आठवले. डोळे उघडले तेव्हा कठड्यावर माझं पुस्तक होतं. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं, पानापानांत कागदाचे चिटोरे खोचलेले.

"लेओनोर कास्तेलब्लांको. याच गावात राहतात म्हणे. जत्रेत पुतणीने मला हे दाखवलं. माझं नाव आहे यात, दोन्ही आडनावांसकट. आणि बघा साहेब, गोष्ट घडते गेल्या वर्षी. म्हणजे गेल्या वर्षी मी जिवंत होतो. चालतो, जेवतो, भांडतो." त्यांनी एक चिटोरा काढून पान उघडलं. "या बाई फार कसून काम करतात. ती इन्स्पेक्टर एक तारीख तपासायला चार गावं फिरते. तेव्हा मी जिवंत असल्याचा कुठलातरी कागद बाईंना नक्की सापडला असणार. मला तो हवाय. नाहीतर त्यांनी साक्ष द्यावी."

"पण त्यात तुम्ही तीन खून केलेत," माझ्या तोंडून निघून गेलं.

"ते असू दे. मी तर कबुलीही देईन. नाबोर केसादा म्हणून मला आत टाकणार असतील तर आज जाऊन बसेन. मेलेल्याला कोणी तुरुंगात टाकत नाही ना?"

रांगेतलं कोणीतरी हसलं. ते हसले नाहीत.

"तुम्हाला दाखला कशासाठी हवाय? पेन्शन?"

"पेन्शन गेली ती गेली." त्यांनी टोपीची कड बोटांनी चाचपली. "माझी बायको गेली, साहेब, गेल्या जूनमध्ये. कार्मेला. एकेचाळीस वर्षांचा संसार. मी इथे आलो तर तुम्ही म्हणालात, मृत माणसाला खबर देता येत नाही, दुसरं कोणीतरी आणा. पुतण्याने सही केली. तिच्या दाखल्यावर 'विधवा' लिहिलंय. मी तिच्या शेजारी उभा होतो. तिच्या बाजूची जागा मी मागून ठेवली आहे, पण ती नवऱ्यालाच मिळते, आणि नवरा सहा वर्षांपूर्वीच कुठेतरी पुरलाय. मला दोन झटके येऊन गेलेत. तिसरा यायच्या आत एवढं झालं पाहिजे."

रजिस्टर माझ्या पायाशीच होतं, आठवडाभर मी ते जवळच ठेवलं होतं. मी पान उघडलं. या खेपेस नाव न पाहता अक्षर पाहिलं. अक्षर माझं होतं.

"सहा वर्षांपूर्वी इथे कोण आलं होतं?" मी विचारलं.

"मीच. थोरला भाऊ गेला होता, एलिसेओ. रडून रडून मला दिसत नव्हतं, चष्माही घरी राहिला होता. तुम्ही म्हणालात, इथे सही करा. मी केली."

बाराव्या रकान्यात मृताचं नाव लिहायचं असतं, एकोणिसाव्यात खबर देणाऱ्याचं. मी उलट लिहिलं होतं. मेलेल्या एलिसेओने जिवंत नाबोर मेल्याची खबर दिली होती, आणि खाली माझा शिक्का. हर्मिनियाला मी या शोधासाठी किमान ऐंशी पानं दिली असती. मला एक मिनिटही लागलं नाही, आणि ते मिनिट मला सहा वर्षांत आठ वेळा मिळालं होतं.

मी रजिस्टर उचलून साहेबांकडे गेलो. आमचे साहेब, आरिस्मेंदी, वाईट माणूस नाही. त्यांनी पान पाहिलं, दार लावलं आणि हळू आवाजात समजावलं. कारकुनाने स्वतःची चूक लेखी कबूल केली तर दुरुस्ती आजच्या आज होते. पण मग चौकशी बसते. "तुला निवृत्तीला आठ महिने राहिलेत, गिल्दार्दो. त्याला कोर्टात पाठव. एवढी वर्षं थांबलाय."

मी खरं सांगतो, मोह झाला. आठ महिने म्हणजे फार नव्हेत. दारातून मला खिडकीचा कोपरा दिसत होता. ते तसेच उभे होते. मागच्या बाईने त्यांना आपली पिशवी टेकून बसायला दिली होती, तरी ते बसले नव्हते. रांगेतली जागा जाईल म्हणून.

मी साहेबांचंच पेन मागितलं. आजवर दोन हजार पानं लिहिली, पण स्वतःच्या नावाने लिहिलेलं हे पहिलंच. 'मी, गिल्दार्दो ओचोआ, असे लिहून देतो की नाबोर केसादा यांस मी मृत केले.' खाली सही केली आणि तारीख घातली.

अडीच वाजता दोन्ही कागद तयार झाले. मी ते खिडकीतून सरकवले आणि चूक कोणाची ते सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खिशातून चष्मा काढला, या वेळी आणला होता, आणि ओळीवर बोट ठेवून वाचत गेले. आधी स्वतःचा, मग बायकोचा. बायकोच्या कागदावर एका शब्दाशी बोट थांबलं.

"विवाहित," त्यांनी मोठ्याने वाचलं. मग टोपी छातीशी धरली. "म्हणजे आज मी विधुर झालो."

त्या मागच्या बाई पुढे आल्या, त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "देव तिला शांती देवो, डॉन नाबोर." मग बाईंच्या मागचा माणूस. आमच्याकडे दुखवट्याला भेटायचं राहून गेलं तर उशीर झाला असं म्हणत नाहीत, भेटतात. जन्माचा दाखला घ्यायला आलेलं एक जोडपं तान्ह्या बाळासकट त्यांना भेटून गेलं. साहेबही आतून आले.

मी खिडकीमागून बाहेर आलो आणि रांगेत शेवटी उभा राहिलो. बावीस वर्षांत त्या बाजूने मी माझी खिडकी पाहिली नव्हती. फार उंच आहे ती. माझी पाळी आली तेव्हा मी त्यांचा हात धरला आणि सगळंच सांगून टाकलं. लेओनोर कास्तेलब्लांको मीच आहे. माझ्याकडे कुठलाही कागद नव्हता. तुम्ही मेला आहात म्हणूनच तुमचं नाव घेतलं. मला माफ करा.

त्यांनी हात सोडवून घेतला नाही. 

"पुस्तकातले तीन खून मी चालवून घेतले असते," ते म्हणाले. "आणि मला मारलंत तेही आता मिटलं. पण विधवा म्हणून गेली ती कार्मेला. तिची माफी मी कशी देऊ? ती तुम्ही तिच्याकडे मागा. मी दर रविवारी दहाला तिच्या कबरीपाशी असतो. डावीकडची तिसरी ओळ."

रविवार परवा आहे. कुका विचारते, मीही येऊ का? मी नको म्हणालो. डॉन फेर्मिननी मंडळाची चार माणसं बरोबर न्यायला सांगितली, डोन्या तेन्चा दोन गावठी अंडी घेऊन आल्या आणि परत गेल्या. माझ्या चौकशीची नोटीस टेबलावर आहे, तिची मला फारशी भीती वाटत नाही. आज दिवसभर मी कार्मेलाबाईंना काय म्हणायचं ते कागदावर लिहून पाहत होतो. पहिलं वाक्यच जमत नाही. खुनी माझ्या शोधात फिरतोय असं वाटत होतं, तेव्हाही मी इतका घाबरलो नव्हतो.